सिलतऱ्यात शहर आलं, नोकरी आली नाही

शाळेत असताना हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलेला असतो: खेड्यातलं जीवन आणि शहरातलं जीवन. खेड्यात शुद्ध हवा, ताजं दूध, साधीभोळी माणसं. शहरात धूर, गर्दी, आणि कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही. शेवटी मन खेड्याकडे ओढ घेतं आणि दहापैकी आठ मार्क मिळतात. पुढे हाच निबंध दिवाळी अंकात येतो, सिनेमात येतो, हल्ली चुलीवरच्या भाकरीच्या रील्समध्ये येतो. लिहिणाऱ्याचं घर गावात नेमकं कुठं होतं, वेशीच्या आत की बाहेर, एवढी एक माहिती मात्र त्यात कधीच नसते. ती दिली की निबंध बदलतो. 'कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही' ही एका घरातल्या माणसाला तक्रार वाटते. दुसऱ्या घरातल्या माणसाच्या छातीवरचं ओझं हेच वाक्य ऐकून उतरतं.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा सभागृहात मांडताना खेड्याची जी झाडाझडती घेतली, ती आपल्याकडे पाठ आहे. राज्यघटनेचा पाया खेडं नाही म्हणून नाराज असलेल्या सदस्यांना त्यांनी सुनावलं होतं, आणि पाया व्यक्ती आहे याचा आनंद व्यक्त केला होता. त्याआधी जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तीच मागणी अधिक पक्की करून मांडली गेली. घराघरांत या सगळ्याचा अर्थ तीन शब्दांत पोचला: गाव सोडा, निघा. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून नागपूरला आले ते याच हिशेबानं. रेल्वेत खलाशी झाले. गावात त्यांना ज्या नावानं हाक मारत ते नाव त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. आमच्या घरात शहर म्हणजे पगाराचं पुस्तक आणि नळाचं पाणी.

पण आपण शहराकडे न जाता शहरच गावाकडे आलं तर? माझं पीएचडीचं काम रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरच्या सिलतरा या औद्योगिक पट्ट्यात चालू आहे, आणि तिथं हा प्रश्न रोज पायाखाली येतो. मराठी वाचकाला हा पट्टा परका वाटायचं कारण नाही. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. आजही नागपुरात कुठल्याही बांधकामावर जा, विटा वाहणाऱ्या बाईची बोली छत्तीसगढी निघण्याची शक्यता भरपूर.

सिलतरा धरसींवा तहसिलीत येतं. नव्वदच्या दशकात सरकारी महामंडळानं इथं 'ग्रोथ सेंटर' उभारलं आणि छत्तीसगढ राज्य झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर 2000 नंतर, कारखाने भराभर वाढले. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉय, त्यांची स्वतःची वीजकेंद्रं. कोरब्याकडचा कोळसा, दल्ली-राजहऱ्याकडचं लोहखनिज, दोन्ही एका फिरत्या भट्टीत घालून जवळजवळ हजार अंश तापवायचं, की स्पंज लोखंड मिळतं. त्याबरोबर काजळीही मिळते. सकाळी अंगणातल्या बादलीतल्या पाण्यावर काळी साय धरलेली असते. वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. धूळ अडवणारी यंत्रं वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवतात, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. पहाटेच्या थराकडे पाहिलं की ते खोटं मानणं जड जातं.

आता निबंधाच्या कसोटीवर सिलतरा बसवून बघा. हवा शुद्ध नाही, म्हणजे हे खेडं नाही. रात्रभर ट्रक, चौकात बिर्याणी, मोबाइल दुरुस्ती, एटीएम, दर पाळीला भोंगा. मग शहर का? जनगणनेच्या व्याख्येत 'शहर' व्हायला तीन अटी लागतात: किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. बायकांचं काम मोजणीत धरलेलंच नाही, हा एक भाग. दुसरा असा की तिन्ही अटींत माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा प्रश्नच नाही. वस्ती जातवार असो, पाणवठा जातवार असो, स्मशान जातवार असो, पुरुष शेतीबाहेर पडले की झालं शहर.

छत्तीसगढच्या मैदानी गावांची एक ओळख म्हणजे तळी. गावाला एक नव्हे, दोन-चार तरिया. आंघोळ, कपडे, गुरं, दशक्रिया, सगळं तिथंच. आणि घाट वाटलेले: पुरुषांचा, बायकांचा, सतनाम्यांचा. या पट्ट्यातल्या एका गावात सत्तरीच्या एका सतनामी बाईंनी मला त्यांचा घाट दाखवला. तळ्याच्या त्याच कडेला आता एका कारखान्याची भिंत आहे. पाण्यावर काजळीचा तवंग असल्यामुळे फारसं कुणी उतरत नाही, ज्यांना परवडतं त्यांनी घरी बोअर मारलाय. मी विचारलं, "दाई, आता तर घाट वेगळे उरले नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "पाणीच नाही उरलं, तर घाट कशाचे वेगळे ठेवतील?" बोअर मात्र पाऱ्यापाऱ्याचे वेगळे आहेत. पारा म्हणजे वस्ती. सतनामी पारा आजही गावाच्या कडेलाच आहे. फरक एवढाच की पूर्वी त्याच्या पलीकडे शेतं होती आणि आता राखेचे ढिगारे आहेत.

सतनामी म्हणजे कोण, हे महाराष्ट्रात सविस्तर सांगावं लागतं, याची थोडी खंत आहे. गुरू घासीदास, जन्म 1756, गिरौदपुरी. मूर्ती नको, ब्राह्मण नको, जात नको, एकच सतनाम, ही शिकवण त्यांनी महाडच्या शंभर वर्षं आधी या मैदानात पोचवली होती. गावोगावी उभा असलेला पांढऱ्या झेंड्याचा जैतखांब ही त्याची खूण. इथले सतनामी भूमिहीनच होते असंही नाही, अनेकांकडे स्वतःची धानाची शेती होती. त्यामुळे कारखान्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा त्यांच्याही गेल्या. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांचा तोटा कागदावर आलाच नाही. गुरं चारायची घासजमीन, सरपणाची झुडपं, तळ्यातले मासे, याला इथं निस्तार म्हणतात. निस्तार ज्याच्या पोटाला सगळ्यात जास्त लागतो, त्याच्याकडे सातबारा सगळ्यात कमी असतो. मोबदला सातबाऱ्यावर मिळतो.

जमीन गेली, पण कारखाने आले, म्हणजे काम आलं असणार. इथंच खरी मेख आहे.

भिलाई इथून फार दूर नाही, रस्त्यानं तासा-सव्वा तासाचं अंतर. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला हा सरकारी पोलाद कारखाना फेब्रुवारी 1959 मध्ये पहिल्या झोतभट्टीनं सुरू झाला. ऐन भरात तिथं साठ हजारांवर कायम कामगार होते. सरकारी कारखाना म्हणून भरतीला नियम होता, आरक्षण होतं, क्वार्टर होतं, दवाखाना होता, मुलांना शाळा होती. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी दोन दशकांहून अधिक काळ भिलाईचा अभ्यास करून 2020 मध्ये 'क्लासेस ऑफ लेबर' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एक भेद वारंवार येतो, जो इथल्या कुठल्याही टपरीवर ऐकू येतो: 'नौकरी' आणि 'काम'. नौकरी म्हणजे कायम, पगारपत्रक, रजा, निवृत्ती. काम म्हणजे आज आहे, उद्या ठेकेदार सांगेल. पॅरी यांच्या लिखाणातून दिसतं की कायम कामगारांच्या टोळीत वेगवेगळ्या जातींची माणसं एकत्र राबत, एकत्र डबे उघडत. वस्तीत परतल्यावर सतनाम्यांविषयीची अढी बऱ्याच अंशी शिल्लकच राही, हेही ते लपवत नाहीत. भिलाईची आरती ओवाळायचं कारण नाही. त्याच कारखान्यात ठेका कामगारांची वेगळी, खालची दुनिया उभी राहिली आणि कायमवाल्यांनी ती राहू दिली.

पण सिलतऱ्यात या दोन दुनियांपैकी वरची जवळपास नाहीच. आहे ते काम. सिलतऱ्याला लागून मांढर आहे. तिथला केंद्र सरकारचा सिमेंट कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. त्याच दशकात शेजारी खाजगी भट्ट्या उगवल्या. एका बाजूनं आरक्षण असलेलं गेट बंद आणि दुसऱ्या बाजूनं आरक्षण नसलेली शंभर गेटं उघडी. याला कुणी जातीचा निर्णय म्हटलं नाही. याला उदारीकरण म्हटलं.

गेटवर भरती कशी होते? कंपनी माणूस घेत नाही, ठेकेदार घेतो. ठेकेदार स्वतःच्या गावचा, स्वतःच्या ओळखीचा, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्या जातीचा मुकादम धरतो. मुकादम आपल्या भागातली पोरं आणतो. वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारा, कंट्रोल रूममधला ऑपरेटर ही कामं एका साखळीतून जातात. भट्टीच्या तोंडाशी राख ओढणं, स्लॅग फोडणं, कोळशाच्या वॅगन रिकाम्या करणं ही दुसऱ्या साखळीतून. स्थानिक पोराला घेतच नाहीत अशी तक्रार गावोगावी आहे. अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: छत्तीसगढी माणूस आळशी, सणाला दांडी मारतो. खरं कारण ठेकेदार मोकळेपणानं सांगतात. स्थानिक माणूस संध्याकाळी घरी जातो, त्याच्या पाठीशी गाव असतं, तो जमाव गोळा करू शकतो. बाहेरचा पोरगा खोलीभाड्याला बांधलेला असतो.

या भीतीला इतिहास आहे. शंकर गुहा नियोगी यांनी छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या झेंड्याखाली भिलाईच्या खाजगी कारखान्यांतले ठेका कामगार संघटित केले तेव्हा मागण्या साध्या होत्या: जगण्यापुरती मजुरी, ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, कायम करणं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे ते झोपेत असताना त्यांना गोळी घातली गेली. पुढल्या वर्षी 1 जुलैला भिलाईत रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. सिलतरा उभं राहिलं ते यानंतर. उद्योगांनी त्यातून घेतलेला धडा गेटवरच्या भरतीत दिसतो.

मग हे बाहेरचे पोरगे येतात कुठून? उत्तरेकडून. पलामू, गढवा, रोहतास, बलिया, रीवा, आणि याच राज्याच्या उत्तर टोकाचे सरगुजा-जशपूर. सिलतऱ्याच्या कडेनं लांबच लांब चाळी आहेत, पत्र्याचं छत, दहा बाय दहाची खोली, एका खोलीत पाच-सहा जण. तीन रात्रपाळीला, तीन दिवसपाळीला, म्हणून अंथरुणं तीनच. यांच्याशी बोलताना तो शाळेचा निबंध मी पुन्हा पुन्हा आठवते, कारण खेडं आणि शहर यांची तुलना हेच त्यांचं रोजचं बोलणं आहे. फक्त ती निबंधासारखी चालत नाही.

पलामूकडचा एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा मला 'दीदी' म्हणत त्याच्या गावाचं वर्णन करत होता. पक्का रस्ता गावात येतो आणि शाळेपाशी थांबतो. पुढे त्यांचा टोला. उत्तर भारतात दलित वस्तीला सर्रास दक्खिन टोला म्हणतात, कारण ती दक्षिणेला असते, म्हणजे गावावरून जाणारा वारा तिला लागावा, तिच्यावरून येणारा वारा गावाला लागू नये. आपल्याकडे महारवाडा नदीच्या खालच्या अंगाला असायचा, नकाशा काढणाऱ्याचं डोकं एकच. आजारी माणूस खाटेवरून शाळेपर्यंत न्यायचा, तिथून गाडी. दुकानात उधारी मिळते, पण पैसे ओट्यावर ठेवावे लागतात. मी विचारलं, "मग इथं बरं वाटतं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "यहाँ दुकानवाला हाथ में पैसा लेता है, दीदी." आणि पुढे म्हणाला की खोली घेताना मालकानं पूर्ण नाव विचारलं, तेव्हा त्यानं 'कुमार' सांगितलं. आधार कार्डावरही कुमारच आहे. बापानं शाळेत घालताना तेवढं शहाणपण केलं होतं.

खोलीतल्या बाकीच्यांना माहीत आहे का? एकाला माहीत आहे, तो शेजारच्या गावचा. बाकी तिघांना 'अंदाज' आहे. भांडं वेगळं ठेवत नाहीत. पण रविवारी मटण शिजतं तेव्हा हाच मुलगा बाजारातून आणतो, कापतो, भांडी घासतो, आणि शिजवायला मात्र दुसरा बसतो. त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं. समाजशास्त्राच्या वर्गात ज्याला शहराचं निनावीपण म्हणतात, ते दहा बाय दहाच्या खोलीत असं अर्धंमुर्धं येतं. रस्त्यावर, टपरीवर, एटीएमच्या रांगेत ते पूर्ण मिळतं. खोली, चूल, मुकादमाची वही यांपाशी आलं की ते विरतं.

ही अर्धीमुर्धी मोकळीकही मी कमी लेखणार नाही. आपल्यातले काही अभ्यासक मित्र फार पटकन म्हणतात की शहरातही जात आहे, मग फरक काय पडला. फरक पडतो. पैसा हातात घेतला जातो की ओट्यावर ठेवायला लावला जातो, हा फरक ज्यांनी भोगलेला नाही त्यांनी तो मोजू नये. माझे आजोबा नागपुरात याच फरकावर जगले. तेवढ्यानं भागलं नाही हा पुढचा मुद्दा, आणि तो बाबासाहेबांनाही माहीत होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण धोट्यात धागा ओढताना तोंड लावावं लागे. पगार तिथं जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोकठोक ठेवला. गाव सोडा म्हणणारा माणूस शहराच्या गेटवरही उभा राहून विचारत होता की आत कोणत्या खात्यात घेता. त्यांच्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग आपण बऱ्याचदा विसरतो.

तो भाग सिलतऱ्याला लावला की चित्र लख्ख होतं. शहरानं दलितांना जे काही दिलं, ते धूर-गर्दी-वेगानं दिलेलं नाही. ते लिखित नियमानं दिलं: रेल्वेची भरती, पोस्ट, गिरणी, महापालिका, सरकारी कारखाना, आरक्षणाचा रोस्टर, वसतिगृह, शिष्यवृत्ती. जिथं हा नियम पोचला तिथं शहर आलं. जिथं नुसती भट्टी पोचली तिथं गावातलीच माणसं गावातल्याच क्रमानं नव्या कामावर उभी राहिली. खाजगी क्षेत्र गुणवत्ता बघतं, जात बघत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी सुखदेव थोरात आणि पॉल अट्टवेल यांचा 2007 चा प्रयोग पुन्हा सांगते. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलून. दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. ते पदवीधरांचे, टपालानं जाणारे अर्ज होते. सिलतऱ्याच्या गेटवर तर अर्जच नसतो, मुकादमाचा फोन असतो. तिथं हा प्रयोग करायचीही सोय नाही.

इकडे रायपूरच्या विधानसभेत आरक्षणाच्या टक्क्यांवर रणं माजतात. 2012 मध्ये राज्यानं अनुसूचित जातींचा वाटा 16 वरून 12 वर आणला आणि आदिवासींचा 20 वरून 32 वर नेला, म्हणजे दोन पीडितांना एकमेकांसमोर उभं केलं. सप्टेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती 58 टक्क्यांची रचनाच रद्द ठरवली. डिसेंबरात सरकारनं एकूण 76 टक्क्यांचं विधेयक आणलं आणि ते राजभवनात अडकलं. मोर्चे निघाले, पुतळे जळाले. या सगळ्या टक्क्यांतला एकही टक्का सिलतऱ्याच्या कुठल्या गेटच्या आत जात नाही. जमीन सरकारी महामंडळानं दिली, रस्ता सरकारी, रेल्वेची साइडिंग सरकारी, उद्योग धोरणातल्या सवलती सरकारी, आणि भरती मात्र खाजगी बाब.

सरकारला जात दिसत नाही असंही नाही. पूर्वी छत्तीसगढच्या गावात न्हावी, धोबी, लोहार, राऊत यांनी वर्षभर सेवा द्यायची आणि सुगीला धान घ्यायचं, याला पौनी-पसारी म्हणत. आपल्याकडची बलुतेदारीच. 2018 नंतरच्या काँग्रेस सरकारनं याच नावाची योजना काढली आणि नगरपालिकांच्या हद्दीत पौनी-पसारी बाजार बांधायचं ठरवलं, पारंपरिक व्यवसायांना ओटे आणि छप्पर. केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये आली, 18 व्यवसाय, त्यातही तीच यादी. पक्ष वेगळे, डोकं तेच. कारखान्यात शिरायचं असेल तर जात विचारायची नाही, आणि सरकारी मदत घ्यायची असेल तर बापाचा धंदा करायचा. गावातून जे निघून जायला हवं होतं त्यासाठी शहरात सिमेंटचे गाळे बांधले गेले.

मेल्यावर शहर कुणाचं आणि गाव कुणाचं, हेही दिसतं. मे 2020 मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारे मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाचे मजूर टाळेबंदीत पायी निघाले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 जणांवरून मालगाडी गेली. बहुतेक गोंड होते. जालन्याच्या कारखान्यांत आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांत होणारं काम जवळपास तेच, भट्टी तीच, ठेकेदारीही तीच. त्या महिन्यात रायपूरच्या टाटीबंध चौकात महाराष्ट्रातून ट्रकच्या टपावर बसून झारखंड, ओडिशा, बंगालकडे जाणाऱ्या माणसांची रीघ लागली होती. शहरानं त्यांना एका आठवड्यात सांगितलं की तुमचं घर गावात आहे. गावानं आधीच सांगून ठेवलं होतं की टोल्याच्या बाहेर तुमचं काही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सिलतऱ्यातल्या एका कारखान्यात सांगाडा कोसळून सहा जणांचा जीव गेला, तेव्हा ते नाव दोन दिवस देशभर ऐकू आलं. एकेकटे मरणारे, भाजणारे, बोटं गमावणारे, त्यांच्यासाठी रायपूरच्या आवृत्तीत चार ओळी असतात.

मुलींविषयी आणि बायकांविषयी लिहायचं तर वेगळा लेख लागेल, तरी एक सांगते. उत्तरेकडचे पुरुष एकटे येतात. इथल्या सतनामी आणि केवट बायका ढिगाऱ्यांवर जातात, दोरीला बांधलेलं चुंबक राखेतून फिरवतात आणि लोखंडाचे कण गोळा करून भंगारवाल्याला विकतात. कंपनीच्या दृष्टीनं ती चोरी, जनगणनेच्या दृष्टीनं ते काम नाही, भंगारवाल्याच्या दृष्टीनं किलोवारी माल. त्यातल्या एकीचा मुलगा आयटीआय झालाय, फिटर. दोन वर्षं सगळ्या गेटांवर कागद देऊन झाले. त्याला एका ठेकेदारानं हेल्पर म्हणून घेतलं, फिटरचं काम करून घेतो, हजेरी हेल्परची लावतो. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याला गौंटिया बेगारीला बोलवायचा. याला फोन येतो, एवढंच."

म्हणून माझी मागणी गाव की शहर या वादात कुणाची बाजू घेण्याची नाही. सरकारी जमिनीवर, सरकारी सवलतीत चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात, आणि त्याच्या प्रत्येक ठेकेदाराच्या हजेरीपटावर, कुठल्या समाजाचा माणूस कुठल्या कामावर आहे याची नोंद व्हावी आणि ती उघड असावी. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा 2004 पासून दिल्लीत चालू आहे आणि उद्योग संघटनांच्या ऐच्छिक आचारसंहितेपाशी येऊन थबकली आहे. ऐच्छिक म्हणजे काय ते मटण कोण शिजवतं यावरून कळतं. आकडे हातात नसताना कायदा मागायला गेलं की समोरून पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो. सिलतऱ्यातून किती टन लोखंड निघालं, किती मेगावॉट वीज लागली, हे दरवर्षी छापलं जातं. भट्टीच्या तोंडाशी कोण उभं आहे हे कुठल्याच फायलीत नाही.

2027 च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे, हे एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालं. आपल्या लोकांनी त्या प्रश्नावलीकडे आताच लक्ष द्यायला हवं. जात एका रकान्यात आणि धंदा दुसऱ्यात लिहून भागणार नाही. कायम की ठेका, ठेका कुणामार्फत, हेही त्याच ओळीत आलं पाहिजे, नाहीतर दलित आणि आदिवासी 'उद्योगात कार्यरत' म्हणून मोजले जातील आणि तो आकडा आपल्यालाच प्रगती म्हणून दाखवला जाईल. गणना करणारा माणूस सिलतऱ्याच्या चाळीत येईल तेव्हा दुपार असेल, आणि रात्रपाळीवरून आलेले तिघं झोपलेले असतील. दार वाजेल. पलामूचा तो मुलगा उठून नाव सांगेल, आणि यावेळी त्याला पुढचा प्रश्न विचारला जाईल. खोलीत तेव्हा आणखी दोघं जागे झालेले असतील.